गाडी धुऊन आणू नये

साकीनाक्याला माझ्या गॅरेजच्या शटरशेजारी एक पाटी टांगलेली आहे. 'गाडी धुऊन आणू नये.' लाल ऑइलपेंटमध्ये, माझ्याच हातची, त्यामुळे अक्षर जरा तिरकंच आहे. नवीन गिऱ्हाईक आलं की ती वाचून हसतं. "मिस्त्री, उलटं लिहिलंय काय? बाकीचे गॅरेजवाले तर म्हणतात, आधी चिखल काढून आण." मी म्हणतो, त्यांच्याकडे जा मग.

ही पाटी का लावली ते सांगायचा योग आला, कारण या अंकाच्या संपादक ताईंचा फोन आला. म्हणाल्या, "अशोककाका, आता कार्बोरेटरचा जमाना गेला, तर त्याच्या आठवणी लिहा ना." मी म्हटलं, गेला? कुठे गेला? सकाळी दुकान उघडायच्या आधी या आणि बघा माझ्या दारात काय उभं असतं. दूधवाल्याची गाडी, पाववाल्याची गाडी, कुरिअरवाल्या पोराने वापरून वापरून हाडं बाहेर काढलेली गाडी. सगळ्या कार्बोरेटरवाल्या. नव्या गाड्यांत तो नसतो हे मला माहीत आहे. पण जुन्या गाड्या काही समुद्रात बुडवल्या नाहीत कुणी. ज्यांचं पोट त्यांच्यावर आहे ते अजून चालवतात, आणि ते चालवतात तोवर मी पण आहे. मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही रिटायर झालात. झालो असेन. शटर अजून मीच उघडतो.

ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. गाडी पळवणं सोपं आहे. मूठ पिळली की गाढव पण पळवेल. खरी परीक्षा गाडी उभी असताना. सिग्नलला थांबलात, मूठ सोडून दिली, तरी इंजिन स्वतःच्या जिवावर हळूहळू चालत राहिलं पाहिजे. त्याला आम्ही 'स्लो' म्हणतो, पुस्तकात त्याला आयडल म्हणतात. कार्बोरेटर म्हणजे इंजिनला चिकटलेला मुठीएवढा डबा, पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा. त्याच्या तळाला एक वाटी असते, टाकीतलं पेट्रोल नळीने उतरून त्या वाटीत साठतं. बाहेर दोन स्क्रू. एक रेसचा, तो पिळला की उभ्या गाडीचं इंजिन जोरात चालतं. दुसरा हवेचा, त्याने मिश्रण पातळ-घट्ट होतं.

स्लो लावायचा तर गाडी आधी चांगली गरम करायची. थंड गाडीवर लावलेला स्लो म्हणजे झोपेतून उठलेल्या माणसाची साक्ष. मग हवेचा स्क्रू हळूहळू आत न्यायचा, इंजिन गुदमरायला लागेपर्यंत. मग बाहेर आणायचा, अडखळायला लागेपर्यंत. या दोन्हींच्या मधे एक जागा असते, तिथे इंजिन खूश असतं. आवाज गोल येतो. तिथे थांबायचं आणि मग रेस खाली आणायची. झालं. यात जादू काही नाही, कान लागतो आणि घाई नसावी लागते.

पण बाजारात घाईच विकली जाते. गाडी सिग्नलला बंद पडते म्हणून कुणी गेला, की मेकॅनिक काय करतो? रेसचा स्क्रू पिळतो. इंजिन बोंबलायला लागतं, बंद पडत नाही, गिऱ्हाईक खूश. ताप उतरेना म्हणून थर्मामीटर झटकण्यातला प्रकार. मग गिअर टाकला की खाट्कन आवाज, मूठ सोडली तरी गाडी पुढे ढकलत राहते, पेट्रोल ढोसते ते वेगळंच. मी उभ्या आयुष्यात असं करून दिलेलं नाही. त्यावरून भांडणं झाली, गिऱ्हाईकं तुटली. तुटू देत.

तर हिराबाय.

वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. वय माझ्याच आसपास, रंग तांब्यासारखा, आवाज बंदरावरून मढपर्यंत जाईल असा. नवरा गेल्यावर त्याची मोटारसायकल तिने स्वतः चालवायला घेतली. कोळीवाड्यातल्या बाप्यांनी तोंडं वाकडी केली, तर ही म्हणाली, "होरी चालवताव तवा कोन नाय बोलला, गारी चालवली तं पोटात दुकाला?" कोळणीची गाडी म्हणजे मागे कॅरियरला म्हावऱ्याचा प्लास्टिकचा क्रेट, वर बर्फ, वर गोणपाट. वर्सोव्याहून निघायची, अंधेरी, मरोळ करत साकीनाक्यापर्यंत यायची. इथल्या खानावळींना ती मासे पुरवते. इथल्या कारखान्यांतली अर्धी जनता तिच्या बांगड्यावर जेवते म्हणा ना.

तिची एकच अडचण होती, आणि ती मोठी होती. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. किक उजव्या पायाने मारायची असते आणि तिच्या गाडीला बटनस्टार्ट नाही. त्यामुळे सकाळी कोळीवाड्यात कुणीतरी एक किक मारून द्यायचं आणि शेवटच्या खानावळीत शेवटचा मासा उतरेपर्यंत ही गाडी बंदच करायची नाही. मासे उतरवताना चालू, हिशेबाला चालू, चहा पिताना चालू. अख्खा धंदा त्या स्लोवर उभा. तुमची माझी गाडी सिग्नलला बंद पडली तर आपण शिवी घालून किक मारतो. तिची बंद पडली की ती रस्त्याच्या मधोमध अडकलेली बाई, मागे क्रेट, खाली वितळतं बर्फ, आणि मागून हॉर्न. कुणी भला माणूस किक मारून देईल तेव्हा सुटका.

आणि गाडी बंद पडायला लागली होती. अंधेरीच्या एका सिग्नलला मागून बस येऊन तिच्या क्रेटला जवळजवळ टेकलीच.

पहिल्यांदा माझ्याकडे आली ती दुपारी. हिरवंगार लुगडं, केसात अबोली, गाडी घासूनपुसून लख्ख. क्रेटही नाही. मला वाटलं लग्नाला निघालीय. येता येताच सुरू झाली.

"मिस्त्री तूच काय? खानावलवाला बोलला, तू डोक्याचा तापट हायस, पन काम बरा करतस."

"दोन्ही खरं आहे. काय होतंय?"

"बंद परताय मेली. सिग्नलला."

बघितलं तर रेसचा स्क्रू कुणीतरी मरेस्तोवर पिळलेला. इंजिन किंचाळत होतं. मी कार्बोरेटर उतरवला, उघडला. खाऱ्या हवेने आत पांढरा थर धरला होता आणि स्लोच्या जेटचं, म्हणजे उभ्या गाडीला पेट्रोल देणाऱ्या बारीक नळीचं, केसाएवढं भोक अर्धं बुजलेलं. साफ केलं, हवा मारली, गाडी गरम करून स्लो लावला. असा लावला की टाकीवर चहाचा ग्लास ठेवला तर सांडणार नाही. ती बराच वेळ ऐकत उभी राहिली. म्हणाली, "माज्या मानसाच्या टायमाला असाच वाजायचा." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

चार दिवसांनी परत हजर. तीच लख्ख गाडी, तीच अबोली, आवाज मात्र चढलेला. "कसला बरा काम करतस रं? परत बंद परली!"

मी इंजिन आणि कार्बोरेटरच्या मधलं रबर तपासलं. ते चिरलं की तिथून फुकटची हवा आत शिरते आणि स्लो बिघडतो. जरा कडक झालं होतं, बदललं. प्लग बदलला, वॉल्व्हचं सेटिंग केलं. स्वतः गाडी घेऊन पवईपर्यंत जाऊन आलो, प्रत्येक सिग्नलला मुद्दाम थांबलो. एकदा म्हणून बंद पडली नाही. परत दिली. आठवड्यात परत आली.

आता माझं डोकं सटकलं. गाडी माझ्या हातात असली की सुतासारखी सरळ, आणि तिच्या हातात गेली की नाटकं करते. मी म्हटलं, "हिराबाय, तू चालवतेस तरी कशी?" तर ती असली भडकली की समोरचा लाद्यांच्या दुकानाचा शेठ बाहेर येऊन बघायला लागला. "तुजा बा जनमला नसंल तवापास्ना मी होरी हाकलताव," म्हणाली. हिशेबात बसत नव्हतं, पण समोर उभं राहून सांगणार कोण?

त्याच आठवड्यात तिचा मुलगा आला. नितेश. बीकेसीत कुठल्यातरी ऑफिसात नोकरी, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. स्टुलावर बसला आणि म्हणाला, "काका, एक काम करा ना. आईला फक्त सांगा, गाडी संपली, इंजिन गेलं. ती माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल."

"इंजिन गेलेलं नाही."

"मला माहितीय काका. पण ती बस तुम्ही बघितली नाहीत, मी बघितली. मी मागेच होतो. परत एकदा गाडी रस्त्यात बंद पडली की मी ती विकणार, तिला तसं सांगून टाकलंय. तुम्ही बोललात तर निदान भांडण होणार नाही."

पोरगा वाईट नव्हता. घाबरला होता, आणि घाबरायचं कारणही होतं. पण माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "बाळा, मी खोटं बोलून जिवंत इंजिनाला मेलं म्हणणार नाही. आणि गाडी विकलीस की तुझी आई काय करणार?"

"आराम करेल."

"तिला विचारलंस?"

मला उत्तर माहीत होतं, हिराबायने ते मला आधीच ऐकवलं होतं. "गारी गेली की दुसऱ्याच्या टेम्पोच्या मागं हात जोरून उबा ऱ्हावाचा. तो येल तवा यावाचा, तो बोलंल तवा जावाचा. त्यापेक्षा मना खारीत ढकला." पोराला एवढंच म्हटलं, "एक संधी दे." तो म्हणाला, "एकच हां काका."

सगळी रात्र नाही, पण जेवताना आणि अंघोळीला मी त्याच गाडीचा विचार करत होतो. बायको म्हणाली, "सवत आणलीय का काय घरात?" शेवटी ठरवलं, गाडी माझ्याकडे येऊन खरं बोलत नाही ना, मग आपण तिच्या घरी जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता वर्सोव्याला गेलो. मासळीचा लिलाव आटपत आला होता. वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळत होते आणि बाया तावातावाने भांडत होत्या.

हिराबायची गाडी मला सापडेना. समोरच उभी होती, पण मी ओळखली नाही. माझ्याकडे यायची ती नवरीसारखी नटलेली, आणि ही? चिखल, खवलं, मागे गच्च भरलेला क्रेट, त्यातून खारं पाणी टपटपतंय, टाकीवर काळं प्लास्टिक गुंडाळलेलं. हिराबाय पदर खोचून गाडीवर चढत होती. एका पोराने किक मारून दिली आणि ती निघाली. मला बघितलं नाही तिने. मी माझ्या गाडीवरून मागे लागलो.

पहिला सिग्नल, ठीक. दुसरा, ठीक. स्लो माझ्या हातचा होता, दुरूनही ओळखू येत होता. अंधेरीच्या अलीकडे एका मोठ्या सिग्नलला ती थांबली आणि मला तो आवाज ऐकू आला. इंजिन आधी पातळ झालं, मग एक उचकी, दुसरी उचकी, आणि बंद. सिग्नल हिरवा झाला. मागून टेम्पो, रिक्षा, बस, सगळे बोंबलायला लागले. हिराबाय गाडीवर तशीच बसून, दोन्ही पाय जमिनीवर रोवून, मागे वळून सगळ्यांना शिव्या घालत होती.

धावत गेलो, गाडी कडेला घेतली. "तू कुठना आयलास?" ती म्हणाली. मी पेट्रोलची नळी कार्बोरेटरपासून उपटली. धार यायला पाहिजे होती. एक थेंब आला, मग उशिराने दुसरा. टाकी हलवून बघितली, आत पेट्रोल डुचमळत होतं. टाकी भरलेली आणि नळीला थेंब! म्हणजे वाटी रिकामी पडत होती, आणि रिकाम्या वाटीवर माझा बाप आला तरी स्लो लावू शकणार नाही.

मग मी ते काळं प्लास्टिक वर केलं. टाकीचं झाकण पिशवीत गुंडाळलेलं आणि त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी. आवळून आवळून, वेढ्यावर वेढा, वर गाठ. अशी गाठ की तोडल्याशिवाय सुटणार नाही. मी खिशातलं पातं काढून ती कापली, आणि झाकण सैल केलं तशी टाकीने मोठा श्वास घेतला, स्सस्स. हातातल्या नळीतून पेट्रोलची धार लागली, माझी चप्पल भिजली.

टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल खाली जाईल तशी वरून हवा आत यावी म्हणून. ते बंद केलं की टाकी आतून ओढून धरते, पेट्रोल खाली सोडत नाही. वाहत्या रस्त्यावर इंजिन वाटीतलं उरलंसुरलं ओढून चालतं, सिग्नलला आलं की जीव सोडतं. थोडा वेळ थांबलं की कुठून तरी हवा झिरपते, आणि कुणीतरी किक मारली की परत चालू. सगळा हिशेब जुळला.

"हे कुणी बांधलं?"

"मीच. दुसरा कोन बांधनार? मागं एकदा पेट्रोलात खारा पानी गेला व्हता. मंग आमी होरीवर डिझेलच्या कॅनला बांधताव तसा बांधला. वादळात पन पानी नाय जात."

होडीवरचा कॅन नुसता ठेवायचा असतो, इंजिन काही थेट त्यातून पीत नाही. त्यामुळे तिथे ही गाठ एकदम झकास. इथे तीच गाठ तिच्या गाडीचा गळा धरत होती. आणि तिच्याइतकी पक्की गाठ दुसऱ्या कुणाला बांधताही आली नसती. मला हसू आलं आणि रागही आला.

"अगं मग माझ्याकडे येताना हे का काढून टाकत होतीस? तीन वेळा आलीस, एकदा तरी हे माझ्या डोळ्यांसमोर नको?"

ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "पयल्या गॅरेजला अशीच घेऊन गेलू. तो बोलला, भायेर उबी ऱ्हा, वास येताय. गारी धुवून आन, मंग हात लावताव. मानसं बसली व्हती, हसली." पदर सारखा करत म्हणाली, "मंग ठरवला, कोनाच्या दारात तशी नाय जावाचा. धुतलू, प्लास्टिक काडला, लुगरा बदलला, आन आलू तुज्याकडं."

माझा बाप जालन्याकडून घाटकोपरला आला तो याच्यासाठीच, की आईला गावात दुकानाच्या पायरीखाली उभं राहावं लागायचं आणि वाणी पुडी वरून टाकायचा. बाबासाहेबांचा फोटो आमच्या घरात आणि गॅरेजमध्ये उगाच नाही. तरीही माझ्याच धंद्यातल्या एका माणसाने या बाईला बाहेर उभं केलं होतं, आणि त्याच्यापायी मी तीन वेळा नुसती नटवलेली गाडी तपासत बसलो. संताप आला. त्या माणसाचा आला, आणि लाज वाटून घेतली म्हणून तिचाही आला. तसं तिला सांगितलंही. "हिराबाय, लाज त्याला वाटायला पाहिजे. तू कसली धुतेस? माझ्याकडे गाडी जशी असेल तशी यायची. आजारी माणूस पावडर लावून डॉक्टरकडे जातो काय?"

"नाय जात," ती म्हणाली. मग म्हणाली, "मंग आता काय, पानी जाऊ देव टाकीत?"

तिथेच कडेला उभं राहून उपाय केला. तिच्याच क्रेटमधल्या बरणीचं मोठं झाकण घेतलं, टाकीच्या झाकणावर छत्रीसारखं उलटं ठेवलं आणि सैल दोरीने बांधलं. पाणी वरून घसरून जाईल, हवा खालून शिरेल. टाकीच्या झाकणाच्या आतलं रबर नंतर नवीन घातलं. किक मारली, इंजिन गोल आवाजात लागलं. "आता जा," म्हटलं, "आणि शेवटच्या खानावळीनंतर माझ्याकडे ये. मासे उरले असले तरी तशीच ये."

दुपारी ती आली. ज्याची मी वाट बघत होतो तसंच सगळं. क्रेट, त्यात परतीच्या गिऱ्हाईकासाठी राखलेले बांगडे, खवलं, बर्फाचं पाणी, पदर खोचलेला. गाडी माझ्या दारात बरोबर मधोमध उभी केली. उतरली नाही, नुसती ऐकत बसली. डुग, डुग, डुग, डुग. वर्सोव्यापासून एकदाही बंद पडली नव्हती.

लाद्यांच्या दुकानाचा शेठ नाकाला रुमाल लावून बाहेर आला. "अरे मिस्त्री, क्या बास मार रहा है यार! इसको बोलो जल्दी हटाए."

हिराबायचा हात चावीकडे गेला. मी म्हटलं, "बंद करायची नाही. अजिबात नाही." आणि शेठला म्हटलं, "शेठ, बास नहीं, बांगडा है. मेरा दरवाजा है, जितना टाइम चाहिए उतना टाइम खड़ी रहेगी." शेठ पुटपुटत आत गेला. पाटी मी त्याच दिवशी रंगवली, आणि मुद्दाम त्याच्या दुकानातून वाचता येईल अशी टांगली.

शेठ आत गेला तेवढ्यात हिराबायचा मोबाइल वाजला. नितेशचा फोन. त्याचा आवाज मला बाहेरपर्यंत ऐकू येत होता. "आई, कुठे आहेस? परत बंद पडली ना गाडी? आई? बोल ना, बंद पडली ना?"

हिराबाय खाली वाकली, मोबाइल इंजिनापाशी नेला आणि तिथेच धरून ठेवला. चांगला वेळ धरला. इंजिन आपलं चालू होतं, घाई नाही, गडबड नाही. मग तिने मोबाइल कानाला लावला.

"आयकलास?" ती म्हणाली. "आता ठेव फोन. माजा गिऱ्हाईक खोटी होताय."